पर्कोलेटर उघडताना

चार दिवस झाले, पाणी नुसतं कोमट होतंय.
झाकणावरच्या काचेच्या बोंडात एक थेंब उडत नाही.
शकुन नाइट ड्यूटीहून येते,
बरणीतली झटपट कॉफी ढवळते,
काही बोलत नाही.
तिचं न बोलणं मला मीटरसारखं वाचता येतं.

तीस वर्षं मी वीज वाचली.
गिट्टीखदान, जरीपटका, महालातले अंधारे जिने,
कुत्र्यांची घरं, कुलपांची घरं,
आकडा लिहायचा आणि पुढचं दार.
वीज आत कुठे जाते, कोणासाठी काय उकळते,
हे विचारणं माझ्या हुद्द्यात नव्हतं.

रात्रीचे साडेअकरा. मे महिना.
कूलर बंद केलाय, त्याच्या वाऱ्याने
काचपेपरचा तुकडाही जागेवर राहत नाही.
प्लग काढलाय. दोनदा बघितलाय. परत बघतो.
जुन्या पेपरवर नळी, चाळणीची डबी, स्प्रिंग,
काढले त्या क्रमाने, पेनाने आकडे घालून.
नोकरीची एवढीच सवय उरली.
बुडाला तीन स्क्रू, त्यातला एक झिजलेला.
तो शकुनच्या जुन्या फोर्सेप्सने धरून फिरवला.
तिला सांगणार नाही.

गच्चीवरून प्रणय गजभियेचा आवाज,
"काका, काय करून राहिले एवढ्या रात्री?
फेका ना बाप्पा, नवा भेटते अडीच हजारात."

नवा भेटते, खरं आहे.
पण हा डोरीन सिस्टरने दिलेला,
मोहननगरची खोली रिकामी करून
लेकाकडे पर्थला निघाली तेव्हा.
टॉवेलात गुंडाळून दिला तिने शकुनच्या हातात,
बाळ देतात तसा, मान सांभाळून.

दोन सेल, टॉर्चचा बल्ब, वायरचे तुकडे.
दोरीला लावला, बल्ब लख्ख.
एलिमेंटला लावला, मिणमिणला.
म्हणजे जीव आहे.
दोष थर्मोस्टॅटचा. नाण्याएवढी चकती,
दोन पत्र्या, मधे काजळी.
घाबरट झालाय बिचारा,
पाणी जरा तापलं की हात काढून घेतो.
घासला. फुंकर मारली. परत घासला.

नळीच्या बुडाशी वॉशर,
त्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर,
दातांवर चढतो तसा.
लिंबूसत्व, गरम पाणी, एक तास.
त्या तासात मी काहीच केलं नाही.
फरशीवर तळवे टेकून बसलो.
एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाही तिला,
रात्री दोनला वॉर्डात तू काय करतेस म्हणून.
विचारलं असतं तर म्हणाली असती,
काय करणार, बघत बसतो.

पहिल्यांदा जोडला. पाणी उकळलं, वर चढलं नाही.
वॉशर उलटा बसलेला.
परत सगळं थंड होऊ दिलं, परत सगळं.

सव्वातीनला आधी नुसती कुरकुर,
मग तळातून एक घोट सुटला,
नळीतून धडपडत वर आला
आणि काचेच्या बोंडावर डोकं आपटलं.
गुबुक.
मग दुसरा. पाणी पिवळं, मग तांबूस.
स्वयंपाकघरात मी एकटा, आणि हसू आवरेना.

फक्त, आता तो थांबत नाही.
घासताना पत्री वाकली असेल किंचित.
कॉफी होऊन गेली तरी उकळतच राहतो,
कोणीतरी सात मिनिटं मोजून
प्लग काढायचा.

बर्डीला मिळेल नवी चकती. इतवारीत तर नक्कीच.
अजून गेलो नाही मी.

पावणेसातला फाटक वाजतं.
तोवर मी ओट्याशी, एक हात बटणावर,
डोळे काचेतल्या रंगावर.
चप्पल काढता काढता ती विचारते,
"उभे काहून तुम्ही?"
बघत उभा आहे, म्हणतो.
तेवढ्यात एखादं मिनिट जास्त होतं.
कडू झाली, म्हणते ती.
आणि कप पुढे करते.